पाठीवरची पट्टी

"पाच खोकी. गाडीतून रॅकवर," मुकादम म्हणाला. "पाठीची कमान दिसली, की उद्यापासून फाटकावरची खुर्ची."

ती राखणीची खुर्ची हमालाला नको होती. अठरा वर्षं ओझी उचललेल्या माणसाला दिवसभर बसवून ठेवायचं, म्हणजे जिवंतपणी अडगळीत टाकायचं. पण दोन महिन्यांपूर्वी फरशांच्या असल्याच एका खोक्यानं त्याला आडवं केलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

सकाळी बायकोनं त्याच्या मानेखालून कमरेपर्यंत चिकटपट्टी लावून दिली होती. युक्ती दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंची. पाठ वाकली की पट्टी कातडी ओढते, मग लगेच थांबायचं. बाकीची शिकवणी बायकोची. महिनाभर ती त्याला स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून उभं करायची. "दोन्ही हातांत पातेली आहेत समजा. आता बुडानं दार ढकला." शेजारीण एकदा हे बघून हसून हसून खाली बसली होती.

तो खोक्याला चिकटून उभा राहिला. गुडघे जरा मोडले, छाती वर ठेवली आणि बूड मागं सारलं.

"उचलतोय की नाचतोय?" मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं ऐकलं नाही. सगळं लक्ष पाठीकडे होतं. श्वास धरून पायांनी जमीन रेटली आणि खोकं उठलं. पट्टीनं कातडी ओढली नाही. दुसऱ्यालाही नाही. चौथ्याला मांड्या थरथरल्या, तरी नाही.

पाचवं खोकं रॅकवर गेलं. मुकादम एक डोळा मिटून, फळीचा वाकडेपणा बघावा तसा, बाजूनं बघत होता.

"उद्या आठला ये," तो म्हणाला. "आणि ते बूड मागं सारणं या हसणाऱ्यांनाही शिकव."

हमालाचा जीव भांड्यात पडला. नळाखाली डोकं धरायला त्यानं सदरा काढला, तर पट्टी घामानं सुटून, गुंडाळी होऊन सदऱ्याला आतून चिकटलेली. कधी सुटली? बहुतेक पहिल्याच खोक्याला. त्याला उशिरानं भीती वाटली आणि मग हसू आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का हो?" बायकोचा आवाज दबलेला होता. "पट्टीनं ओढलं का?"

"पट्टी केव्हाच सुटली होती."

"मग वाकू नका म्हणून सांगितलं कुणी तुम्हाला?"

"पाठीनंच," तो म्हणाला, आणि पायाशी पडलेला साबण घ्यायला त्यानं बुडानं मागचं नसलेलं दार ढकललं.