ढगांचा आठवडा

जेवायला बसल्यावर नवऱ्यानं दुसरीचं कौतुक करावं आणि सुनेनं त्याची री ओढावी, हे काही माईंना खपत नव्हतं.

दुसरी म्हणजे लाली. सूर्याच्या अंगावरचा पातळ, तांबडा थर. आप्पांनी उभी नोकरी टेकडीवरच्या वेधशाळेत तिचे रोज फोटो काढण्यात घालवली. ती काही वर्षं निजल्यासारखी शांत असते. मग अंगावर उजळ चट्टे उठायला लागतात, वादळं उसळतात, आणि भर ओसरला की पुन्हा गप्प. एक फेरा साधारण अकरा वर्षांचा. तिचा चट्टा न् चट्टा आप्पांना पाठ. बायकोनं केस कापले तर महिनाभर पत्ता नाही. माई तिला सवत म्हणायच्या, तेही चारचौघांत.

त्यात सून तिथंच नोकरीला लागली. घरात लालीचा एक भाट होता, आता दोन झाले.

माईंचा सल मात्र जुना होता. मुलाच्या जन्माच्या वेळी त्या मरता मरता वाचल्या. लाली तेव्हा ऐन भरात. तरी आप्पा आठवडाभर दवाखान्यात उशाशी बसून होते. कामावर नाही का गेलात, विचारलं तर म्हणाले, ढग आहेत, काम बंद आहे. खोलीला खिडकी नव्हती. माईंनी ते खरं धरलं. तेव्हापासून कुणी आप्पांना चांगलं म्हटलं की त्या टोला हाणायच्या, आभाळ भरलं म्हणून बायको आठवली हो यांना.

आज सून भाजी वाढता वाढता सांगत होती. जुने फोटो जुळवून तिनं लालीच्या चढउताराची एक रेघ काढली होती. रेघ झकास चढली आणि ऐन शिखरावर तुटली. नेमका तिच्या नवऱ्याच्या जन्माचा आठवडा. बाबा, तेवढेच फोटो कसे नाहीत?

"ढग होते," आप्पा ताटात बघत म्हणाले. "साहेबांनाही तेव्हा तेच कळवलं होतं."

"पण वेधशाळेच्या गच्चीवर ऊन मोजायचं यंत्र आहे ना, बाबा. त्याच्या जुन्या नोंदीत तो आठवडाभर कडकडीत ऊन आहे."

आप्पांना ठसका लागला. माईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. थोडं पाणी सांडलं.

"धड खोटंही बोलता येत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "अहो, मी जन्मभर उगाच जळले. जळायचं होतं ते तिनं."