मुक्या घंटा

रोदोपी डोंगरातल्या प्रयोगशाळेत स्तामेनाने साथीत मेलेल्या आपल्या चाळीस मेंढ्यांच्या अंडाशयांचे तुकडे, प्रत्येकीचे एका नळीत, द्रवनायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवले होते. भिंतीवर त्यांच्या गळ्यातल्या चाळीस घंटा टांगलेल्या. मेंढी मेली की घंटेत लोकर कोंबून ती मुकी करायची, हा तिथल्या धनगरांचा रिवाज.

“बाई, टाकी आजच रिकामी करा,” संचालक पेन्चेव म्हणाले. “मेलेलं कधी उठतं का?”

“बघू की!” म्हणत तिने एक नळी कोमट पाण्यात सोडली.

बर्फ वितळला आणि भिंतीवरची एक घंटा वाजली.

पेन्चेवनी ती ओरबाडून काढली. आतली लोकर घट्ट होती, आणि गरम. घंटा हातात वाजतच राहिली.

“ती नळी परत गोठवा!”

“का हो साहेब? टाकी रिकामी करायचीय ना?”

स्तामेनाने उरलेल्या एकोणचाळीस नळ्या पाण्यात सोडल्या.