घरच्या काट्यावरची वजाबाकी

काट्याने बाराचा आकडा दाखविला आणि आई, मुलगा, मुलगी अशा तिघांचेही चेहरे उतरले.

विमानात हाती न्यावयाच्या बॅगेला मुभा सातच किलोंची होती. काउंटरवरच्या तरुणीने नियम सौम्य स्वरात सांगितला. पाच किलो कमी करा, नाहीतर जादा वजनाचे शुल्क भरा. शुल्काची रक्कम ऐकून थोरल्या भावाचा पारा चढला.

"काटा खोटा आहे तुमचा! काल घरी मोजून आणलीय बॅग."

"मोठी बॅग आत्ताच याच काट्यावर बरोबर तेवीस भरली. तेव्हा नाही वाटला खोटा?" तरुणीने विचारले.

मागे रांगेत कोणीतरी हसले.

घरच्या काट्यावर बॅग नुसती ठेवली, तर आकडा तिच्याखाली झाकला जाई. म्हणून त्या घराची रीत अशी होती, की माणसाने बॅग उराशी धरून काट्यावर चढावे आणि येईल त्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. काल मोठी बॅग भावाने पेलली; आधी स्वतःला तोलून, मग बॅगेसकट. त्यात त्याची कंबर धरली. तेव्हा लहान बॅग आईने उचलली. "मला कशाला तोलताय? अठ्ठावन्न. तुमच्या जन्माआधीपासून अठ्ठावन्न!" काटा पासष्टावर थांबला. सात उरले. मुलीने तेथल्या तेथे कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

परदेशी जायचे होते ते या मुलीला. नोकरी दोन वर्षांची होती. भाऊ दूरच्या गावी राहणारा. वडिलांच्या माघारी आईला एकटी सोडून जाण्यास तिचे मन घेत नव्हते. आईनेच हट्टाने तिला या काउंटरपर्यंत आणले होते. "मला काय धाड भरलीय?" हे तिचे प्रत्येक शंकेवरचे उत्तर.

"आई, तूच काहीतरी कोंबलं असणार," भाऊ म्हणाला.

"हो बाबा, मीच कोंबलं. भर ते पैसे आणि मोकळा हो."

भाजीवाल्याशी दोन नाण्यांसाठी हुज्जत घालणारी आई हे बोलली, आणि फार घाईने बोलली. भावाचे समाधान झाले. त्याने पाकीट काढले. पण किल्ली तर कालपासून मुलीच्या खिशात होती.

तिने वाकून कुलूप उघडले. बूट, जाड कोट, तीन ग्रंथ, प्रमाणपत्रांची फाइल. सारे तिने रचले होते त्याच क्रमाने. नवे असे चिटोरेही नव्हते.

मग तिने मान वर करून आईकडे पाहिले. रोज डोळ्यांसमोर असणारे माणूस आपण पाहतोच असे नाही. आईच्या घड्याळाच्या पट्ट्याला सुईने पाडलेले एक नवे छिद्र होते. तरी घड्याळ मनगटावर सैल फिरत होते. मुलीची दृष्टी तेथे खिळताच आईने बाही खाली ओढली.

"बघत काय बसलीस? विमान चुकेल ना!" आवाज रागाचा होता, पण त्यात आर्जव होते.

मुलीने बॅगेला पुन्हा कुलूप लावले. ती उठली आणि काउंटरपाशी गेली.

"माझी मोठी बॅग परत द्या."

"अहो, ती बरोबर भरलीय!" तरुणी गोंधळली. "हिच्यातले तेवढे पाच किलो काढा, की झालं."

"हिच्यात काही वाढलेलं नाही, ताई," मुलीने आईचा हात घट्ट धरला. "बॅग कालही बारा किलोचीच होती. पाच किलो माझ्या आईचे गेलेत."