अर्धीमुर्धी भट्टी

"सर, रॉकेटात अणुभट्टी घातली तर मंगळावर लय लवकर पोचता येतं म्हणं. मग तुमी अजून घातली का न्हाई?"

माईक हातात येताच क्रांतीनं एका दमात विचारून टाकलं. मागं तिच्या मैत्रिणी संयोगिता आणि शिवांजली ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. विचारून दाखव, ही पैज त्यांचीच. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन, समोर अख्खं गाव, आणि पाहुणे रॉकेटची इंजिनं बनवणारे. त्यांना कुणी असा जाब विचारतं व्हय?

पाहुणे रागावले नाहीत. म्हणाले, ती भट्टी जमिनीवर पेटवायची नसते, वर पोचल्यावर पेटवायची. तिच्या धगीनं हायड्रोजन तापून मागं सुसाट सुटतो आणि यान पुढं जातं. पण एवढी धग सोसणारा धातू, माणसाला किरणांपासून राखणारी भिंत, सगळंच अजून अर्धंमुर्धं आहे.

"ते पुरं व्हायच्या आत मी रिटायर होईन. तू काय करणार पुढं?"

त्यांनी सहज विचारलं, पण मांडवातल्या सगळ्या माना क्रांतीकडं वळल्या. या गावात दहावीच्या पोरांना हा प्रश्न याच दिवशी, याच माईकवर विचारतात. उत्तर ठरलेलं, फौज नाहीतर पोलीस. ते उच्चारलं की बापानं पुढं येऊन फेटा बांधायचा आणि गावानं टाळ्या वाजवायच्या. क्रांतीचे आप्पा रिटायर हवालदार. शिराळ्याच्या भरती अकॅडमीत त्यांनी तिचं नाव दिवाळीतच घातलेलं. ते फेट्याची घडी मोडत उठलेसुद्धा.

क्रांतीच्या डोक्यातून मात्र ती अर्धीमुर्धी भट्टी जाईना. पैज केव्हाच मागं राहिली होती.

"ती भट्टी मी पुरी करणार," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतले म्हातारे सुभेदार म्हणाले, "मंगळावर भरती निघाली व्हय गं?" सगळा मांडव खदखदून हसला. आईनं लांबूनच खाली बस म्हणून हात केला. आप्पा फेटा घेऊन मध्येच थांबले, पुढं ना मागं.

क्रांती बसली नाही. तिनं माईक आणखी जवळ घेतला.

"आप्पा, आई, ऐका. मी भरतीला जाणार न्हाई. सांगलीला सायन्सला जाणार. फेटा बांधायचा तर बांधा आप्पा, न्हाईतर हिकडं द्या. माझा मी बांधती."