कानसेन

"बाबा, आज खूण नाही," मुलगा म्हणाला. "आज खरं सांगायचं. ही बोट आपल्या घरासाठी आहे."

म्हातारा हातोडी घेऊन बोटीत उभा होता.

फायबरच्या जुन्या बोटीत खरी मेख असते ती तळाच्या फळीत. वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये प्लायवूड. कुठून तरी पाणी झिरपतं आणि मधलं लाकूड गपचूप कुजत राहतं. वरून बोट दिसायला नवरीसारखी. तळ शाबूत आहे की कुजलाय, हे हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकायचं असतं. शाबूत असेल तर टणक वाजतो, कुजला असेल तर भद्द. या दोहोंच्या मधले सगळे आवाज म्हाताऱ्याला ओळखू येत. म्हणून दुरुस्तीच्या यार्डात त्याला कानसेन म्हणत. कुणी गिरमिटाने भोक पाडून आतलं लाकूड बघायला लागला, की कानसेन खो खो हसायचा. "भोक पाडून तर शेंबडं पोरही सांगेल," म्हणायचा. "तुझ्या कानात बोळे घातलेत का?"

ते कान जाऊनही आता बराच काळ झाला होता. माणूस समोर उभं राहून बोललं की अजून कळायचं. लाकूड मात्र मुकं झालं होतं. टणकही भद्द आणि भद्दही भद्द. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळही आली नाही, कारण जुन्या बोटी घेण्याविकण्याचा धंदा मुलाच्या हातात होता आणि मुलाला बापाचा कान नको होता, नुसतं नाव हवं होतं. बोट विकायची असली की मुलगा टोपी सरळ करायचा. म्हातारा इथे तिथे ठोकून "टणक" म्हणायचा. घ्यायची असली की मुलगा मान खाजवायचा, आणि म्हातारा "पोकळ" म्हणून मोकळा व्हायचा. एका गिऱ्हाइकाचा पाय भर पाण्यात तळातून आरपार गेला. पोटरी सोलून निघाली, बोट बुडता बुडता राहिली. तो भांडायला आला तेव्हा मुलाने सरळ हात वर केले. "बाबांनी तपासली होती," म्हणाला. म्हाताऱ्याने तेही गिळलं.

कारण त्याला पॉलिशवाल्याचं काय झालं ते ठाऊक होतं. पॉलिशवाला म्हणजे यार्डात बोटींना पॉलिश करणारा, मुलाचा सख्खा मामा. डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं तेव्हा त्या भल्या माणसाने आपण होऊन सांगितलं. मुलाने त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेऊन सोडलं आणि पुन्हा तिकडे कुणी फिरकलं नाही. म्हाताऱ्याकडे घरात होतं तरी काय? खिडकीजवळची खाट, सुनेच्या हातचा चहा आणि शाळेतून आल्या आल्या गळ्यात पडणारी नात. पण त्यातच त्याचा जीव अडकला होता.

"विकणाऱ्याने वरून नवा लेप दिलाय," मुलगा म्हणाला. "पायाला काही लागत नाही. आत काय आहे ते तुमचा कानच सांगणार. रविवारी पोरीला घेऊन पलीकडच्या काठाला जायचंय."

नात आईचा हात धरून बोटीला खेटून उभी होती. सून म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होती.

म्हाताऱ्याने ठोकलं. पुढे ठोकलं, मध्ये ठोकलं, मोटरपाशी ठोकलं. सगळीकडे तेच. त्याने सवयीने मुलाकडे पाहिलं. मुलाचे दोन्ही हात खिशात होते.

"गिरमिट आण," म्हातारा म्हणाला. "एक भोक पाडून बघू."

"भोक?" मुलगा हसला. "का बाबा, कानात बोळे घातलेत?"

"आजोबा, लवकर सांगा ना," म्हणत नातीने बोटीच्या काठावर एक पाय टाकलासुद्धा.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. मला ऐकू येत नाही गं, खाली उतर. शब्द ओठांपर्यंत आले. मग खाट आठवली, पॉलिशवाला आठवला. नवा लेप काय एका रविवारात फुटतोय? काठाकाठाने जातील. पुढच्या खेपेला काहीतरी निमित्त काढून थांबवता येईल. भित्र्या माणसाला सबबींचा तोटा नसतो.

"टणक," म्हातारा म्हणाला. "बिनघोर जा."

मुलाने पहार उचलली आणि तळावर घातली. लेप अंड्याच्या टरफलासारखा फुटला. आतून काळा लगदा वर आला, कुजक्या पाल्याचा वास सुटला.

"लेप मीच दिलाय," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पैज जिंकलेल्या माणसासारखा तो खुशीत होता. "बॅग भरून गाडीत ठेवलीये, बाबा. चला."

म्हाताऱ्याने सुनेकडे पाहिलं. या घरात त्याच्या बाजूने भांडणारी तेवढी एकटी तीच होती. तिने पोरीला मागे ओढलं. मग त्याला नीट कळावं म्हणून ती अगदी समोर येऊन उभी राहिली.

"तुमचे कान गेलेत ते आम्हाला केव्हाचं माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "पोरीसाठी तरी खरं बोलाल असं मी म्हटलं होतं, आणि बोललात तर मरेपर्यंत इथेच राहाल, असं यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं."