आतली दोरी

"ही दोरी काढून टाका," दीनानाथ टिळेकर म्हणाले. विश्वनाथ तेव्हा स्टुलावर उभा राहून त्याच दोरीची गाठ आवळत होता.

१९९७ साली गुडगावच्या नव्या कोठ्यांमध्ये, म्हणजे बंगल्यांमध्ये, आपोआप उघडणाऱ्या गॅरेजच्या दाराचं भारी कौतुक होतं. रिमोट दाबला की दार वर जायचं. पुन्हा दाबला की खाली यायचं आणि विजेवरचा लोखंडी अडसर खट्कन भिंतीत शिरायचा. वीज गेली की तो अडसर जागचा हलत नसे. चोराचं काही चालायचं नाही, पण आत अडकलेल्या माणसाचंही नाही. म्हणून आतल्या बाजूला लाल मुठीची दोरी असायची. ती ओढली की अडसर सुटायचा आणि दार हातानं उचलता यायचं. करोल बागेतल्या आपल्या कंपनीसाठी विश्वनाथनं अशी अकरा दारं बसवली होती. दोरी काढा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

का काढायची, हे टिळेकरांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. घरचे सगळे नऊला बाहेर पडतात आणि घराला कुलूप लागतं. स्वयंपाकाची कौसल्या मग संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये राहते. मागची बाई शेजारच्या कोठीवाल्यांनी फोडली होती. ही तरी टिकायला हवी. रिमोट आपल्या खिशात असला की डोक्याला ताप नाही.

विश्वनाथनं गॅरेजच्या कोपऱ्याकडे पाहिलं. एक खाट होती, पाण्याचा माठ होता आणि सिमेंटच्या पोत्याआड प्लायवूडचा तुकडा झाकलेली बादली होती. ती कशासाठी आहे ते वासावरूनच कळत होतं. जूनचे दिवस. ताजा रंग, पेट्रोल आणि तो वास उकाड्यात एकमेकांत मिसळले होते. चाळिशीची कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. मराठी समजत नसल्यामुळे ती आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

विश्वनाथला टिळेकरांची किळस आली. हा गृहस्थ दर संक्रांतीला पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जाऊन हार घालायचा. तिथे स्वातंत्र्यावर भाषण ठोकायचा आणि दिल्लीतली मराठी मंडळी टाळ्या वाजवायची. विश्वनाथनंही वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांचीही त्याला शिसारी आली. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"आणि लाइट गेली तर?" त्यानं विचारलं.

"लाइट काय यार, जाते आणि येते."

विश्वनाथ स्टुलावरून खाली उतरला. इथे पेट्रोलचा डबा आहे, उद्या आग लागली तर बाईचा कोळसा होईल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. टिळेकरांनी आवाज गोड केला. या गल्लीतल्या आणखी वीस कोठ्यांची कामं आपल्या एका शब्दावर आहेत, जरा विचार करा, म्हणाले. विश्वनाथनं विचार केला नाही.

"दोरी राहणार नसेल तर मी मोटर काढून नेतो. माणूस कोंडायचं कुलूप मी बसवत नाही."

टिळेकर आधी हसले, मग चिडले. पण शेजाऱ्यांना संध्याकाळी दार दाखवायला बोलावलेलं होतं. मोटर गेली असती तर नाक कापलं गेलं असतं. शेवटी राहू दे म्हणाले. विश्वनाथ तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं मेन स्विच बंद केला, कौसल्याला पुढे बोलावलं आणि दोरी कशी ओढायची ते हिंदीत समजावलं. तीनदा ओढायला लावली. तिसऱ्या खेपेला तिनं एकटीनं दार उचललं आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. टिळेकर तोवर आत निघून गेले होते.

पटपडगंजला घरी पोचेपर्यंत दोन बसमध्ये विश्वनाथ धुमसत होता. सोसायटीच्या फाटकापाशीच त्याची बायको अरुणा भेटली. ती शाळेत शिकवायची आणि त्या दिवशी मीटिंगमुळे तिलाही उशीर झाला होता. जिना चढता चढता त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. अरुणानं तोंड वाकडं केलं. "शी, माणसं आहेत की कोण?" ती म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर तिनं पर्समधून किल्ली काढली आणि दाराचं कुलूप उघडलं.

लाइट दुपारपासून नव्हती. कुलपाचा आवाज ऐकून आत विठाबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. विठाबाई अरुणाच्या माहेरच्या गावच्या. घरकामाला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. हिंदीचा त्यांना गंध नव्हता, म्हणून सकाळी जाताना अरुणाच बाहेरून कुलूप लावून जायची.

चहा घेताना विश्वनाथनं सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. बादलीपाशी आला तेव्हा त्याचा आवाज चढला. अशा लोकांना चव्हाट्यावर आणलं पाहिजे, असं दोघांचंही ठरलं. विठाबाई पदरानं मानेवरचा घाम पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दोरी ओढल्यावर नेमकं काय होतं, ते त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. विश्वनाथला बरं वाटलं. त्यानं हातवारे करून अडसर कसा सुटतो, दार कसं उघडतं आणि आतलं माणूस कसं बाहेर येतं ते नीट समजावलं.

विठाबाईंनी रिकाम्या कपबशा उचलल्या. जाता जाता थांबून त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. बोलण्यात तक्रार अशी काही नव्हती.

"दादा, असल्या साध्या दाराला बी बसती का हो ती दोरी?"