तारप्याचे दिवस

पत्र येऊन आठवडा झाला तरी मंडळाचा पत्रव्यवहार पाहणाऱ्या रेगेसरांनी उत्तर लिहिलं नव्हतं. "तुमच्या धावपटू मंडळाच्या सत्कारात आमच्या वनशीला तारप्यावर नाचवणार म्हणे. नवं भात घरात आल्याशिवाय आम्ही तारपा वाजवत नाही. तुम्ही जरा सांगा त्यांना," असं तिच्या आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

वनशीने राज्यस्पर्धेत पाच हजार मीटरचं सुवर्णपदक मिळवलं होतं. तिचं मानपत्र सरांनीच लिहिलं होतं. पण अध्यक्षांपुढे तोंड उघडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "वनशी, लुगडं नेसून मंचावर जरा नाचायचं. तुमची संस्कृती दिसू दे लोकांना!"

वनशी मान खाली घालून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिली. "आजा रागवंल," ती पुटपुटली.

"अगं, एवढ्या लोकांत धावतेस, मग नाचायलाच कसली लाजतेस?" सगळे हसले.

सर उभे राहिले. "ती लाजत नाहीये. नवं भात आल्याशिवाय त्यांच्याकडे तारपा वाजत नाही. आपण आषाढात गणपती बसवतो का?"

हसणं थांबलं. अध्यक्षांनी विचारलं, "मग सत्कार करायचा कधी?"

"त्यांचं भात आल्यावर. त्यांच्याच अंगणात."

त्या संध्याकाळी आजोबांना उत्तर लिहिताना सरांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली आणि खोडली: "आम्हाला बोलवाल का?" शेवटी ती न खोडता तशीच ठेवून त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.